तिची मीटिंग कुठे आहे?

(नाशिक येथे भरलेल्या स्त्री-संघटनांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर. बोलणाऱ्या मैत्रिणीच्या इच्छेनुसार तिचे नाव छापलेले नाही. – संपादक)

दारूच्या प्रश्नावर बोलायला एखादी बाई उभी राहिली की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. नवरा पिऊन येतो, पगार गुत्त्यावर जातो, घरात मारहाण होते, आणि एक दिवस ती बाई पदर खोचून मोर्चात येते. हे चित्र खोटं नाही. याच बायकांनी महाराष्ट्रात दारूविरोधी चळवळ उभी केली. १९९३ साली गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, त्यामागे बायकांचा मोठा रेटा होता. 'उभी बाटली, आडवी बाटली' हे मतदान तर आपल्यापैकी अनेकींनी स्वतः घडवून आणलंय. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद, हा हक्क आपण झगडून मिळवला.

पण त्या चित्रात न बसणाऱ्या बायकाही आहेत. त्यांच्यापैकी एक तुमच्यापुढे उभी आहे. माझा नवरा पीत नाही. मी पीत होते. आता नऊ वर्षं झाली, मी दारूला हात लावलेला नाही. औषधोपचार झाले, घरच्यांनी वेळ दिला, पण मला टिकवून धरलं ते मीटिंगांनी. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसांनी एकत्र बसून एकमेकांना आपली हकीकत सांगायची, या साध्या गोष्टीने. ही मीटिंग सापडायला मला सात महिने लागले. ते सात महिने का लागले, आणि पुढच्या बाईला सात दिवसांत ती कशी सापडेल, एवढंच आज बोलायचंय.

आधी आकडे बघू, कारण 'अशा बायका असतात तरी किती?' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ०.४ टक्के, म्हणजे हजारात चार आहे. आता जरा विचार करा. दारात वही घेऊन पाहणीवाली उभी आहे, मागे सासू धान्य निवडत बसलीय, मुलगा अभ्यास करतोय. ती विचारते, 'तुम्ही दारू पिता का?' कोणती बाई 'हो' म्हणेल? तरी हा आकडाच धरून चालू. मोठ्या शहरात तोसुद्धा शेकड्यांनी, हजारांनी होतो. एम्सच्या त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे: ज्यांना दारूचं व्यसन जडलंय अशा अडतीस जणांपैकी एकालाच कुठली ना कुठली मदत मिळते. सगळे मिळून ही गत, तर बाईची काय असेल?

पुरुष दारू सोडतो तेव्हा त्याचं कौतुक होतं. आपल्याकडे कितीतरी पुरुषांनी वारकऱ्यांची तुळशीची माळ घालून दारू सोडलीय. गावात त्यांना मान मिळतो, कीर्तनात पुढे जागा मिळते. मी त्याला हसत नाही, अनेकांचे संसार त्या माळेने वाचवलेत. पण बाईने सोडली हे कळायचं तर ती पीत होती हे आधी कळावं लागतं. म्हणून तिच्या सोडण्याला नारळ नाही, शाल नाही, की शेजारणीचा एक शब्दही नाही. ती लपून पिते आणि सोडते तीही लपूनच. लपून सोडलेली दारू टिकवणं फार अवघड, हे मी अनुभवाने सांगते.

या मीटिंगा आल्या कुठून, तेही थोडक्यात सांगते. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे दोन दारूडे एकमेकांशी बोलत बसले. बोलत राहिलं तर पिण्याची ओढ आवरते, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., उभी राहिली. तिथे फी नाही, आडनाव सांगायची गरज नाही, आणि सभासद होण्याची अट एकच: दारू सोडायची इच्छा. आपल्या देशात हे काम १९५७ साली सुरू झालं.

पण सुरुवातीच्या त्या खोल्यांमध्ये जवळजवळ सगळे पुरुषच होते. १९३९ साली त्यांनी आपलं पुस्तक काढलं, त्यात पिणाऱ्यांच्या बायकांसाठी एक प्रकरण आहे आणि ते बायकांच्या तोंडी आहे. लिहिलं मात्र बिल विल्सनने! त्याची बायको लोइस हिला ते लिहायचं होतं, तिला लिहू दिलं नाही. याच लोइसने पुढे १९५१ साली मैत्रिणीबरोबर घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना काढली. १९३९ मध्येच मार्टी मान नावाची एक बाई ए.ए.मध्ये आली. तिला तिथे बायका जवळजवळ दिसल्याच नाहीत. तरी ती राहिली, आणि नंतर स्वतःचं नाव जाहीर करून, दारूचं व्यसन हा आजार आहे, तो बाईलाही होतो, असं देशभर सांगत फिरली. १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक या समाजशास्त्रज्ञ बाईने फक्त स्त्रियांसाठी वेगळा कार्यक्रम सुरू केला. तिचं म्हणणं असं की ए.ए.च्या पहिल्याच पायरीवर 'आम्ही दारूपुढे हतबल आहोत' हे कबूल करायचं असतं. पण जिला जन्मभर हतबल म्हणूनच वाढवलं तिला आणखी काय कबूल करायला लावता? तिला आधी स्वतःवर भरवसा ठेवायला शिकवा.

या मुद्द्यावर आपल्यात वाद होऊ शकतो. माझ्यापुरतं सांगते. दारूपुढे मी हतबल आहे असं म्हटल्याने मी नवऱ्यापुढे किंवा साहेबापुढे हतबल झाले नाही. उलट एका ठिकाणची खोटी झुंज संपली आणि बाकीच्या झुंजींना बळ उरलं. पण जिच्या घशाखाली ते वाक्य उतरत नाही तिने म्हणून दारूत बुडून राहावं का? तिने दुसरा गट शोधावा. मीटिंग एकच एक नसते, हेच तर मला सांगायचंय.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे पुण्याचं मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू झालं. ते उभं केलं आणि १९९७ मध्ये जाईपर्यंत चालवलं डॉक्टर अनिता अवचट यांनी. पुढे त्यांची लेक मुक्ता पुणतांबेकर यांनी. तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी, दारूने पती गमावल्यावर, १९८० साली उपचार केंद्र काढलं. म्हणजे या देशातलं व्यसनमुक्तीचं काम बायकांनी मोठ्या प्रमाणावर ओढलंय. पण त्यातल्या खुर्चीवर रुग्ण म्हणून बसायला बाईला अजून जागा अपुरी आहे.

आता माझा शोध. गटांची नावं सांगत नाही. तिथला नियमच तसा आहे, आणि माझी तक्रार कुठल्या एका गटाविरुद्ध नाही.

पहिल्या ठिकाणी गेले ती संध्याकाळी साडेसातची वेळ. आत पंचवीस-तीस पुरुष. दारातच एका गृहस्थांनी अगदी अदबीने सांगितलं, "ताई, घरच्यांची मीटिंग शनिवारी असते." मी म्हटलं, "मी घरची नाही. मी स्वतःसाठीच आलेय." त्यांनी लगेच खुर्ची दिली, चहा दिला. पण पुढचा दीड तास मी जे ऐकलं त्यात बाई होती ती कुणाची तरी बायको. एक तर कटकट करणारी, नाही तर माहेरी निघून गेलेली, नाही तर देवीसारखं सोसणारी. त्यात माझी गोष्ट कुठे बसवू ते कळेना. शिवाय नऊ वाजता घरी स्वयंपाक व्हायचा होता आणि शेवटची बस गाठायची होती.

मग शनिवारी घरच्यांच्या गटात जाऊन पाहिलं. सगळ्या बायका, वातावरण मायेचं. पण प्रत्येकीच्या बोलण्यात जो 'तो' होता, तो म्हणजे मी होते. त्या रडत होत्या आणि मला वाटत होतं, माझा नवरा कुठे बसून असा रडत असेल?

तिसऱ्या ठिकाणी माणसं चांगली, पण बोलणं इंग्रजीत. माझं इंग्रजी नोकरीपुरतं ठीक आहे. पण लाज इंग्रजीत सांगता येत नाही, सांगितली तरी दुसऱ्याच कुणाची तरी वाटते. चौथ्या ठिकाणी सगळा भर देवाच्या नावावर. माझ्याबरोबर एक बौद्ध मैत्रीण आली होती. पंचशीलातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचंच आहे, ते ती लहानपणापासून म्हणत आलीय. तिला दारू सोडायला देवाची गरज वाटत नव्हती, आणि तिथे तिला बोलायला वावच मिळेना. खरं तर ए.ए.त 'आपल्याला उमगेल तसा ईश्वर' एवढंच म्हटलंय, आणि न मानणारेही तिथे असतात. पण गटागटात फरक पडतो.

शेवटी एक मीटिंग सापडली. दुपारची, घरापासून दोन बस बदलून, दुसऱ्याच भागात. सात-आठ जण, त्यात तीन बायका. त्या कोण, काय बोलल्या, ते सांगणार नाही. मी काय बोलले ते सांगते. मी म्हटलं, "माझी चपटी पिठाच्या डब्यात असायची." तिघीही हसल्या. त्या हसण्यात हेटाळणी नव्हती, ओळख होती. पिठाच्या डब्यात कुणी हात घालत नाही, हे फक्त बाईला ठाऊक असतं. त्या दिवसानंतर मी प्यायले नाही.

तर मैत्रिणींनो, तुमच्या सल्ला केंद्रावर अशी बाई आली तर काय पाहायचं ते क्रमाने सांगते.

सगळ्यात आधी डॉक्टर. रोज भरपूर पिणारीने एकाएकी बंद केली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. म्हणून 'मनाचा निग्रह कर' असं सांगून घरी पाठवू नका. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात तिला घेऊन जा. शरीराच्या घडणीमुळे बाईला तेवढ्याच दारूचा अपाय पुरुषापेक्षा जास्त आणि लवकर होतो, यकृतही लवकर बिघडतं. म्हणून 'थोडीच तर घेते' यावर विसंबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे मानसिक आजार धरलेले आहेत आणि उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिलेला आहे. हे तिला स्पष्ट सांगा. 'मुलं काढून घेतील' या भीतीनेच निम्म्या बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

दुसरं, कोणती मीटिंग कुणासाठी हे समजून घ्या. पिणाऱ्यांसाठी ए.ए., घरच्यांसाठी अल-अनॉन, व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांसाठी त्या केंद्राचे पाठपुरावा गट. ए.ए.च्या काही मीटिंगा खुल्या असतात, तिथे कुणीही जाऊन बसू शकतं. काही फक्त पिणाऱ्यांसाठी बंद असतात. पहिल्यांदा खुल्या मीटिंगला तिच्याबरोबर तुम्ही जा. कुठे काय चालतं ते कळायला राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, १४४४६. वेळ आणि जागा बदलत असतात, म्हणून आधी विचारून घ्या.

तिसरं, भाग. सिडकोतल्या बाईला सिडकोतल्याच मीटिंगला पाठवू नका. तिथे दीर किंवा शेजारी भेटायचा. तिला नाशिकरोडला पाठवा, नाशिकरोडच्या बाईला पंचवटीला. बसभाडं संघटनेने दिलं तरी ते स्वस्तच पडतं.

चौथं, एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. निदान पाच-सहा ठिकाणी जायचं, असं ठरवूनच सुरुवात करा. पण काही गोष्टी दिसल्या तर तिथे परत जायचं नाही: पैसे किंवा दागिना मागणं, पूर्ण नाव-पत्त्यासाठी हट्ट धरणं, डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणं, आणि एखाद्या पुरुषाने 'मी तुम्हाला एकटीला समजावतो' म्हणणं. बाईला आधार द्यायला जुनी सभासद बाईच असावी, ही तिथली रूढ पद्धत आहे. ती मागून घ्यायला लाजू नका.

पाचवं, फोनवरच्या मीटिंगा. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्या खूप वाढल्या आणि घर सोडता न येणाऱ्या बाईला त्यांचा मोठा आधार झाला. पण आधी विचारा, फोन कुणाचा आहे? घरात दार लावून बसायला खोली आहे का? नसेल तर तुमच्या ऑफिसातला कोपरा तिला द्या.

सहावं, मार खाणाऱ्या बायकांसाठी. घरच्यांच्या गटात 'अलिप्त व्हायला शिका' असं सांगतात. त्याचा अर्थ त्याच्या पिण्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊ नका, असा आहे. मार सोसा, असा नाही. मीटिंग म्हणजे पोलीस ठाणं नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, संरक्षण अधिकारी आणि १८१ क्रमांक ही वाट वेगळी, आणि दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालता येतं.

आता थोडं आपल्या घरातलं. आपलं नाशिक द्राक्षांचं, २००१ च्या सरकारी धोरणापासून वाइनचं. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं. नेमक्या त्याच दिवशी अनिल अवचट गेले. वाइनचं आमंत्रण बाईला उघड दिलं जातं, फोटोत तिच्याच हातात पेला असतो. तिचा तोल गेला की मात्र ती एकटी. आपल्या मोर्चातही बायको म्हणजे सोसणारी आणि पिणारा म्हणजे राक्षस, अशाच घोषणा असतात. त्या घोषणा देणाऱ्या गर्दीत मी पर्समध्ये चपटी घेऊन चाललेली आहे. दुकानं बंद करा, जरूर करा, मीही मत देईन. पण त्याच गर्दीत एखादी अशी असेल, तिला कळू द्या की आपल्याकडे तिच्यासाठीही दार आहे.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. प्रत्येक संघटनेने आठवड्यातून एक दुपार, दोन ते साडेतीन, एक खोली द्यावी. पिणं सोडू पाहणाऱ्या दोघी-तिघी एकत्र बसल्या की ए.ए.च्या प्रथेप्रमाणे गट होतो. पण तो गट तुमचा होणार नाही, हे लक्षात ठेवा. तुमचा फलक तिथे लागणार नाही, अहवालात नावं येणार नाहीत. त्यांच्या नियमाप्रमाणे ते बाहेरून देणगी घेत नाहीत, तेव्हा खोलीचं भाडं घ्या, अगदी दहा रुपये का होईना. मुलांना सांभाळायला शेजारच्या खोलीत एक कार्यकर्ती बसवा. आणि सल्ला केंद्राच्या अर्जात 'नवरा पितो का?' या प्रश्नाखाली आणखी एक ओळ घाला: 'तुम्हाला स्वतःला याबाबत काही बोलायचंय का?' आवाज न चढवता, मान न वळवता विचारा. पहिल्या दहा जणी 'नाही' म्हणतील. विचारत राहा.

जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या टेबलाशी एक वही ठेवणार आहे. ज्यांना खोली देता येईल त्यांनी संघटनेचं नाव, भाग आणि वार लिहावा. दुसरं काही लिहायचं नाही. आणि ज्यांना वेगळं काही बोलायचं असेल त्यांनी वही नुसती चाळून पुढे जावं, मी बाहेर चहाच्या टपरीपाशी असेन.